युनिक्स सर्व्हरवर दुरून ग्राफिकल लॉगिन: कोणता मार्ग धरावा?

कंदील

नमस्कार मंडळी,

आमच्या गटाकडे डेबियन १२ चा एक सर्व्हर आहे. ३२ कोअर, १२८ जीबी रॅम. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. आजवर आम्ही तिघेच तो वापरत होतो, तेही एसएसएचनं (दुरून एन्क्रिप्टेड लॉगिन), टर्मिनलमधून. आता १४ नवे जण येताहेत. त्यांना नकाशे आणि आलेख काढणारी, खिडक्या-बटणांची सॉफ्टवेअर चालवायची आहेत. बहुतेकांकडे विंडोजचे लॅपटॉप आहेत आणि निम्मे लोक घरून काम करणार.

एका जुन्या लेखात एक्सडीएमसीपीबद्दल वाचलं, म्हणजे युनिक्सच्या एक्स या ग्राफिकल व्यवस्थेत दुरून लॉगिनचा पडदा मागवण्याचा प्रोटोकॉल. लाइटडीएम या लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ते चालू केलं, फायरवॉलमध्ये यूडीपीचं १७७ नंबरचं पोर्ट उघडलं. शेजारच्या टेबलावरच्या लिनक्स मशीनवर झेफिर (एका खिडकीत दुसरा पडदा दाखवणारा प्रोग्राम) उघडून 'क्वेरी'पुढे सर्व्हरचं नाव दिलं. काहीच येईना. अर्धी सकाळ गेल्यावर कळलं की 'लिसन टीसीपी' हा पर्याय आता मुद्दाम द्यावा लागतो. तो दिला आणि लॉगिनचा चौकोन समोर आला! फार आनंद झाला.

घरी जाऊन व्हीपीएनवरून तेच केलं, तर नुसता काळा चौकोन. दोन रात्री झाल्या. १७७ उघडं आहे, सर्व्हरच्या लॉगमध्ये विनंती पोचलेली दिसते, तरी लॉगिन काही येत नाही. हे का होतंय? आणि १७ माणसांसाठी हाच मार्ग बरोबर आहे का?

घड्याळजी

कंदील, आधी १७७ बंद करा, मग पुढचं वाचा.

एक्सडीएमसीपीत काहीही एन्क्रिप्ट होत नाही. तुम्ही पासवर्ड टाइप करता तेव्हा प्रत्येक की दाबल्याची खबर उघड्या तारेवरून सर्व्हरकडे जाते. मधल्या कुणीही ती वाचावी. हा प्रोटोकॉल १९८९ मध्ये एक्स११ च्या चौथ्या रिलीजबरोबर आला. तेव्हा एका इमारतीतल्या नेटवर्कवर सगळे ओळखीचेच असायचे. आज घरून लॉगिन करणाऱ्यांसाठी तो वापरू नये.

मोहोर

एक अगदी प्राथमिक शंका. झेफिरला 'लिसन' का करावं लागतं? ऐकायचं काम सर्व्हरचं ना? लॅपटॉप तर क्लायंट.

चौथा पहर

मोहोर ताई, प्रश्न प्राथमिक नाही. या सगळ्या विषयाची गाठ तिथेच आहे, आणि कंदील यांच्या दोन रात्रीही बहुधा तिथेच गेल्या.

एक्सच्या भाषेत 'सर्व्हर' म्हणजे ज्याच्याकडे पडदा, कीबोर्ड आणि माउस आहे तो. म्हणजे तुमचा लॅपटॉप. कपाटातल्या मोठ्या मशीनवर चालणारा प्रोग्राम हा क्लायंट. तो लॅपटॉपला विनंती करतो: इथे खिडकी काढ, इथे अक्षर काढ, माउस दाबला की मला सांग. सेवा पडद्याची आहे, आणि पडदा ज्याचा तो सर्व्हर.

एक्सडीएमसीपीत पहिली हाक लॅपटॉप मारतो, यूडीपी १७७ वर: 'मला लॉगिन दे.' मोठं मशीन हो म्हणतं आणि मग उलट लॅपटॉपकडे टीसीपी जोडणी करायला निघतं. पोर्ट ६००० अधिक डिस्प्लेचा नंबर. डिस्प्ले २ असेल तर ६००२. शेजारच्या टेबलापर्यंत ही उलटी जोडणी सहज पोचते. घरच्या राउटरमागे बसलेल्या लॅपटॉपपर्यंत कशी पोचणार? हाक गेली, उत्तर आलं, पण पुढे चित्र काढायला येणारा दारातच अडकला. म्हणून काळा चौकोन.

आणि लिसनबद्दल: २०१५ साली एक्सऑर्ग या नेहमीच्या एक्स सर्व्हरच्या १.१७ आवृत्तीपासून टीसीपीवर ऐकणं मुळातच बंद ठेवलेलं असतं. जुने लेख त्याआधीचे असतात, त्यामुळे त्यात तो पर्याय सापडत नाही.

मोहोर

आता लख्ख कळलं. इतकी वर्षं डिस्प्ले व्हेरिएबलमध्ये (खिडकी कुठल्या पडद्यावर काढायची ते सांगणारी सेटिंग) काय भरतोय ते न कळताच भरत होते. धन्यवाद!

तिरपी रेघ

घड्याळजींचं सुरक्षेचं म्हणणं मान्य, पण एक्सडीएमसीपीला सरसकट मोडीत काढू नका. मी एका प्रयोगशाळेत ४० डिस्कविरहित मशीन कित्येक वर्षं त्यावर चालवली. वेगळं बंदिस्त नेटवर्क, बाहेर जायला रस्ताच नाही. मशीन बिघडलं तर उचलायचं, दुसरं ठेवायचं, विद्यार्थ्याचं काम जिथल्या तिथे. सगळी देखभाल एकाच ठिकाणी. त्या सोयीची सर नंतर कशालाच आली नाही.

घड्याळजी

तिरपी रेघ, बंदिस्त नेटवर्क असेल तर माझी तक्रार नाही. कंदील यांचे निम्मे लोक घरून येणार आहेत, म्हणून इतक्या जोरानं म्हटलं.

शेवंता

कंदील, सगळ्यात सोपा उपाय तुमच्याकडे आधीच आहे: एसएसएच. जोडताना हायफन आणि कॅपिटल एक्स द्या आणि आत गेल्यावर हवा तो प्रोग्राम नावानं सुरू करा. त्याची खिडकी तुमच्या लॅपटॉपवर उघडते. एक्सच्या खिडक्यांची सगळी वाहतूक त्याच एन्क्रिप्टेड वाटेनं जाते, पोर्ट २२ सोडून काहीही उघडावं लागत नाही. लॅपटॉपवर एक्स सर्व्हर हवा: विंडोजवर व्हीसीएक्सएसआरव्ही किंवा मोबाएक्सटर्म, मॅकवर एक्सक्वार्ट्झ. पूर्ण डेस्कटॉप लागतोच कशाला? १७ जणांना मिळून दोन-तीनच प्रोग्राम हवे असणार.

चालत नसेल तर तीन ठिकाणी पाहा. सर्व्हरच्या एसएसएचडी कॉन्फिगमध्ये एक्स११फॉरवर्डिंगपुढे 'येस' आहे का? सर्व्हरवर एक्सऑथ नावाचं छोटं पॅकेज आहे का? हेच बहुतेक वेळा राहून गेलेलं असतं. आणि तिसरं कुणाच्या लक्षात येत नाही: त्या माणसाच्या होम फोल्डरचा कोटा भरलाय का? कोटा भरला की एक्सऑथॉरिटीच्या फाइलीत नवी कुकी (डिस्प्लेची गुप्त किल्ली) लिहिता येत नाही आणि एरर मात्र भलतीच काहीतरी येते.

डिस्प्ले व्हेरिएबल हातानं भरू नका. एसएसएच ते स्वतः भरतं, लोकलहोस्ट १०.० असं काहीसं. हातानं बदललंत की एसएसएचच्या बोगद्याबाहेर, म्हणजे त्या एन्क्रिप्टेड वाटेबाहेर, पडलात.

पाणकणीस

आणि कुणी कितीही सांगितलं तरी 'एक्सहोस्ट अधिक' ही कमांड देऊ नका. बऱ्याच ठिकाणी ती 'चालत नसेल तर हे करा' म्हणून दिलेली असते. तिनं डिस्प्लेचं कुलूप सगळ्यांसाठीच निघतं. एक्समध्ये एका डिस्प्लेवर आलेला कुठलाही प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत टाइप केलेलं वाचू शकतो. म्हणजे बँकेचा पासवर्डही.

उत्तररात्र

शेवंता ताई, इमारतीच्या आत हे सुरेख चालतं, पण घरून? मी तीन महिने केलंय, म्हणून सांगते. ते काम करणं नव्हे, वाट पाहणं असतं.

कारण वेग नाही, फेऱ्या. एक मेन्यू उघडायला प्रोग्राम आणि पडदा यांच्यात शेकडो वेळा प्रश्नोत्तरं होतात, आणि त्यातल्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर येईपर्यंत प्रोग्राम थांबून राहतो. समजा २०० फेऱ्या लागल्या आणि प्रत्येक फेरीला ८० मिलिसेकंद. झाले १६ सेकंद, एका मेन्यूला. नेटचं पॅकेज दुप्पट वेगाचं घेतलं तरी हे १६ चे १६ च राहतात. इमारतीत फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची असते, म्हणून तिथे काही जाणवत नाही.

आणि नेट गेलं की जोडणी तुटते, प्रोग्राम मरतो, न सेव्ह केलेलं काम जातं. माझं एकदा चार तासांचं नकाशाचं काम असं गेलं. स्क्रीन गोठली, मी पुन्हा जोडलं, तर प्रोसेसच्या यादीत प्रोग्रामचं नावही नव्हतं. त्या दिवशी मी व्हीएनसीकडे (सर्व्हरवरच्या पडद्याचं चित्र दुरून दाखवणारी सोय) वळले.

शेवंता

उत्तररात्र, हे खरं आहे. मी इमारतीत बसून लिहिलं. घरून दिवसभर काम असेल तर माझा उपाय मागे घेते. मात्र 'सर्व्हरवर गेले, एक आलेख पाहिला, परत आले' एवढ्यासाठी अजूनही हेच सांगेन.

चौथा पहर

उत्तररात्र यांच्या प्रतिसादात या धाग्याचं अर्धं उत्तर आहे. प्रोटोकॉलांची नावं बाजूला ठेवून कंदील यांनी आधी एवढंच ठरवावं: जोडणी तुटल्यावर काम जिवंत राहायला हवं का?

हवं असेल तर पडदासुद्धा सर्व्हरवरच असला पाहिजे, म्हणजे दिसणार नाही असा आभासी पडदा, आणि लॅपटॉपवर त्याचं फक्त चित्र यायला हवं. व्हीएनसी, एक्सआरडीपी, एक्सटूगो, तिन्हींची जात हीच. प्रोग्राम आणि पडदा यांच्यातल्या त्या २०० फेऱ्या मग एकाच मशीनच्या पोटात होतात.

यातून आणखी एक गोष्ट निघते. अशा सर्व्हरला मॉनिटर, ग्राफिक कार्ड, बूट झाल्यावर येणारा लॉगिनचा पडदा, यातलं काहीच लागत नाही. व्हीएनसीतला एक्सव्हीएनसी हा स्वतःच एक एक्स सर्व्हर आहे, फक्त त्याचा पडदा मेमरीत असतो. त्यामुळे सर्व्हरचं डीफॉल्ट टारगेट (बूट झाल्यावर तो कुठल्या अवस्थेत जातो ती सेटिंग) मल्टियुजरच ठेवा, ग्राफिकल करू नका.

घड्याळजी

व्हीएनसी घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा. त्याची पारंपरिक पासवर्ड पद्धत फक्त पहिली ८ अक्षरं बघते. तुम्ही २० अक्षरांचा पासवर्ड दिलात तरी नववं अक्षर काय आहे याला अर्थ नाही. म्हणून टायगरव्हीएनसीला (व्हीएनसीचं एक सॉफ्टवेअर) 'लोकलहोस्ट' पर्याय देऊन फक्त आतूनच ऐकू द्या आणि बाहेरून एसएसएचचा बोगदा काढा. लॅपटॉपचं ५९०१, सर्व्हरचं ५९०१. फायरवॉलमध्ये ५९०१ ला जागा नको.

रानपाखरू

अवांतर: व्हीएनसीचं नाव निघालं म्हणून. ते केंब्रिजमधल्या ज्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत तयार झालं, तिथल्या व्हीएनसीच्या गटात क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर होते. त्याआधी, १९९१ साली, केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीच्या भांड्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याचं चित्र आपापल्या टेबलावर दाखवणारा प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी ते एक. जिने चढून गेल्यावर भांडं रिकामं सापडू नये एवढाच हेतू. त्या प्रोग्रामचं नाव एक्सकॉफी, कारण चित्र यायचं ते एक्सच्या खिडकीत! १९९३ मध्ये तेच चित्र वेबवर गेलं आणि जगभर गाजलं. कॅमेरा २००१ मध्ये बंद झाला.

दूरचं भांडं दिसावं यातून दूरचा डेस्कटॉप दिसावा इथवर, असं मला नेहमी वाटतं.

मोहोर

रानपाखरू, किती गोड माहिती! आता प्रत्येक वेळी व्हीएनसी जोडताना भांडं भरलंय का बघणार.

तिरपी रेघ

कंदील, १७ जणांना व्हीएनसी दिलंत तर प्रत्येकाचा डिस्प्ले नंबर ठरवणं, टायगरव्हीएनसीच्या युजर यादीत लिहिणं, प्रत्येकाची सर्व्हिस चालू करणं आणि कुणाचं ५९०४, कुणाचं ५९११ हे लक्षात ठेवणं आलं. तीन जणांना चालतं, सतरांना जाच होतो.

एक्सटूगो पाहा. एसएसएचवरच चालतं, वेगळं पोर्ट नाही, सेशन तोडून दुसऱ्या मशीनवरून परत उचलता येतं. त्याच्या पोटात एनएक्सची लायब्ररी आहे. उत्तररात्र म्हणाल्या त्या फेऱ्याच ती मधल्यामध्ये वाचवते, त्यामुळे मंद नेटवरही बरं चालतं. डेस्कटॉप मात्र एक्सएफसीई किंवा माटे असा हलका ठेवा. ग्नोम या डेस्कटॉपच्या नव्या आवृत्त्यांना थ्रीडी लागतं आणि एक्सटूगोवर ते नीट जमत नाही.

पाणकणीस

विंडोजवाले बहुसंख्य असतील तर माझं मत एक्सआरडीपीला, म्हणजे विंडोजच्या आरडीपी या रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉलच्या लिनक्सवरच्या सर्व्हरला. रिमोट डेस्कटॉप कनेक्शन त्यांच्या लॅपटॉपवर आधीच असतं, नवीन काही बसवायला सांगावं लागत नाही. एकच पोर्ट, ३३८९. आपलं सर्व्हरचं नाव-पासवर्ड घाला, सेशन तयार. तुटलं तर परत या, सेशन तिथेच. कॉपी-पेस्टही चालतं.

फक्त ३३८९ इंटरनेटवर उघडं टाकू नका. मी एकदा 'दोन दिवसांपुरतं' उघडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगमध्ये अ‍ॅडमिन, टेस्ट, युजर अशा नावांनी पासवर्ड आजमावून बघणाऱ्यांच्या हजारो ओळी होत्या. सुदैवानं कुणी आत आलं नाही. तेव्हापासून एक्सआरडीपी १२७.०.०.१ वरच (म्हणजे फक्त त्याच मशीनच्या आतून) ऐकतं आणि लोक एसएसएचच्या बोगद्यातून येतात. विंडोज १० आणि ११ मध्ये एसएसएच क्लायंट असतोच. बोगद्याचं लॅपटॉपकडचं टोक ३३९० ठेवा, कारण ३३८९ लॅपटॉप स्वतःच वापरत असण्याची शक्यता असते. मग रिमोट डेस्कटॉपमध्ये लोकलहोस्ट, कोलन (:), ३३९०.

कातळ

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे. सर्व्हरवर ग्राफिकल काहीही बसवू नये. जितकी पॅकेजेस जास्त तितकी भोकं जास्त, तितके अपडेट जास्त. नकाशे काढायचे तर कमांडलाइनवरून काढता येतात, आलेख फाइलीत सेव्ह होतात, फाइल उतरवून बघा. ज्या प्रोग्रामला पडदा लागतोच, त्याला एक्सव्हीएफबीचा खोटा पडदा द्या. नव्या लोकांना एकदा टर्मिनल शिकवलंत की आयुष्यभराची शिदोरी होते.

उत्तररात्र

कातळ, शिदोरीचं पटतं, मी स्वतः तशीच शिकले. पण नकाशावर हातानं सीमारेषा दुरुस्त करायची असते तेव्हा ती डोळ्यांनी बघतच करावी लागते. एक बिंदू ओढायचा, शेजारची रेघ बघायची, परत ओढायचा. ते काम स्क्रिप्टचं नाही. आणि डेटा ८० जीबीचा असेल तर 'फाइल उतरवून बघा' म्हणजे रात्रभराचं काम. डेटा जिथे आहे तिथेच पडदा न्यावा लागतो.

कातळ

८० जीबीचा मुद्दा मान्य. मग इतकंच म्हणेन की गणनेचा सर्व्हर आणि डेस्कटॉपचा सर्व्हर वेगळे ठेवा. दोन व्हर्च्युअल मशीन केलीत तरी पुरे. एकाच्या ब्राउझरनं सगळी रॅम खाल्ली म्हणून दुसऱ्याचं तीन दिवस चाललेलं गणित मरू नये.

चौथा पहर

+१. वेगळं मशीन शक्य नसेल तर सिस्टमडीत (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारी व्यवस्था) प्रत्येक युजरच्या स्लाइसला, म्हणजे त्याच्या वाट्याला, मेमरीची मर्यादा घालता येते. एक्सएफसीईचं रिकामं सेशन काही शे एमबीत भागतं, पण त्यात कुणी ब्राउझरचे ३० टॅब उघडले की हिशेब जीबीत जातो.

सांजवात

थोडी वेगळी गोष्ट, पण कंदील यांना उपयोगी पडेल. मी अशाच सर्व्हरवर पूर्ण ग्नोम डेस्कटॉप बसवला. संध्याकाळी सगळं चालवून पाहिलं, समाधानानं घरी आले. जेवून जोडायला गेले तर सर्व्हर गायब. पिंगलाही उत्तर नाही. वॉचमन काकांना फोन करून विचारलं, तर म्हणाले दिवा मंद मंद लुकलुकतोय. दुसऱ्या दिवशी जाऊन बटण दाबलं, लगेच जागा झाला. लॉगमध्ये काही बिघाड नाही. त्या रात्री पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी लॉगमधल्या वेळा कागदावर मांडल्या. प्रत्येक वेळी बूटनंतर, कुणी लॉगिन केलेलं नसताना, बरोबर २० मिनिटांनी 'सस्पेंड'. लॉगिनच्या पडद्याला वीजबचतीची स्वतःची सेटिंग असते. कीबोर्ड-माउस हलला नाही की तो मशीन झोपवतो, एसएसएचवरून कुणी आत असलं तरी. सिस्टमसीटीएलनं स्लीप, सस्पेंड, हायबरनेट आणि हायब्रिडस्लीप ही चारही टारगेट मास्क केली, म्हणजे सुरूच होऊ नयेत अशी, आणि प्रश्न सुटला. आता नवीन सर्व्हर आला की मी ही चार टारगेट मास्क करते आणि मगच बाकीचं बघते.

कंदील

सांजवात ताई, हे वाचून अंगावर काटा आला. परवा दुपारी आमचाही असाच गेला होता आणि मी लाइट गेली असेल म्हणून सोडून दिलं. जीडीएम (ग्नोमचा लॉगिनचा पडदा) पण बसवलेलं आहे. आत्ता लॉग पाहिला: सस्पेंड, बूटनंतर २० मिनिटांनी. चारही मास्क केली.

गिरकी

कुणी वेलँडबद्दल, एक्सच्या जागी येणाऱ्या नव्या व्यवस्थेबद्दल, बोललंच नाही. आज जे उभारणार ते पाच वर्षं टिकायला हवं ना?

चौथा पहर

गिरकी, बरं विचारलंत. वेलँडमध्ये नेटवर्कवरून खिडकी पाठवण्याची सोय प्रोटोकॉलमध्ये मुळातच नाही. पडद्याचं चित्र बाहेर देणं हे डेस्कटॉपचं स्वतःचं काम. म्हणून ग्नोमनं ४६ व्या आवृत्तीत, मार्च २०२४ मध्ये, लॉगिनच्या पडद्यापासूनच आरडीपीनं दुरून येण्याची सोय दिली. केडीईनं त्याच वर्षी आपल्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या ६.१ आवृत्तीत आपला आरडीपी सर्व्हर आणला. २०२५ मधल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मधून तर एक्सऑर्ग सर्व्हरच काढला आहे. वेलँडवर एक्सचे प्रोग्राम चालवणारं एक्सवेलँड मात्र शिल्लक आहे, त्यामुळे जुने प्रोग्राम चालतात आणि शेवंता ताईंची एसएसएचची वाटही बंद होत नाही. वेलँडच्या सुट्या खिडक्यांसाठी वेपाइप आहे.

डेबियन १२ वर ग्नोम ४३ आहे, म्हणजे ती नवी सोय नाही. कंदील यांच्यासाठी आज एक्सएफसीई आणि एक्सआरडीपी ठीक. सगळ्यांचा ओघ आरडीपीकडे आहे, तेव्हा लोकांना आज आरडीपीची सवय लावलीत तर उद्या सर्व्हरकडचं काहीही बदललं तरी त्यांच्या हाताची सवय बदलावी लागणार नाही.

कंदील

आठवड्याचा वृत्तांत.

एक्सडीएमसीपी बंद. लाइटडीएम आणि जीडीएम दोन्ही काढले, डीफॉल्ट टारगेट मल्टियुजर. एक्सएफसीई आणि एक्सआरडीपी बसवलं, फक्त १२७.०.०.१ वर. एसएसएचला पासवर्ड बंद, फक्त किल्ल्या. १४ पैकी ९ जण आत आले.

दोन अडचणी. एक, दोघांना लॉगिननंतर काळी स्क्रीन येते आणि सेशन लगेच बंद होतं. दोन, सगळ्यांना सुरुवातीलाच एक चौकोन येतो: 'कलर मॅनेज्ड डिव्हाइस तयार करण्यासाठी अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्या.' रद्द केलं की पुढे जाता येतं, पण रोज रोज लोक विचारतात. नेटवर सापडलेली पीकेएलए नावाची फाइल टाकून पाहिली, काही फरक नाही.

पाणकणीस

दुसरी आधी. तुम्हाला सापडलेला उपाय जुना आहे. डेबियन १२ मधलं पोलकिट (कुणाला काय करायची परवानगी ते ठरवणारं) पीकेएलए फाइली वाचत नाही, त्यासाठी वेगळं पॅकेज लागतं. ईटीसीखाली पोलकिट-१ च्या रूल्स डी फोल्डरमध्ये छोटा जावास्क्रिप्टचा नियम लिहा: कृतीचं नाव कलर-मॅनेजरपासून सुरू होत असेल आणि युजर तुमच्या ग्रुपमधला असेल तर 'येस'. पाच-सहा ओळींचं काम आहे.

काळ्या स्क्रीनसाठी दोन गोष्टी. त्या दोघांचं आधीचं एखादं ग्राफिकल सेशन मागे चालू राहिलंय का ते लॉगिनसीटीएलनं पाहा. एकाच युजरची दोन ग्राफिकल सेशन एकाच डीबसवर (प्रोग्रामांचा आपसांतला संदेशमार्ग) आली की दुसरं काळं पडतं. ते नसेल तर त्यांच्या होममधली एक्ससेशनएरर्स फाइल उघडा, शेवटच्या १० ओळी इथे द्या.

कंदील

नियम लिहिला, चौकोन गेला! नऊही जणांनी कळवलं.

काळ्या स्क्रीनपैकी एकाचं तुम्ही म्हणालात तेच निघालं. माझ्या जुन्या व्हीएनसीच्या प्रयोगातलं त्याचं सेशन पंधरा दिवस जिवंत होतं. दुसऱ्याच्या फाइलीत शेवटची ओळ 'ग्नोम-सेशन' सापडत नाही अशी. त्याच्या होममध्ये एक्ससेशन नावाची लपलेली फाइल होती, त्यानंच कधीतरी ठेवलेली, तिच्यात ग्नोमचं नाव. काढली, चाललं. आता अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्जनं सगळ्यांसाठी एक्सएफसीई ठरवून टाकलंय.

शेवंता

वा! एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटिंग बंद करा. सावल्या आणि पारदर्शकता जाते, पण घरून येणाऱ्यांना खिडक्या ओढताना फरक लगेच जाणवेल.

उत्तररात्र

आणि बॅकअप तपासा. एक्सआरडीपी प्रत्येकाच्या होममध्ये थिनक्लायंट-ड्राइव्ह्ज नावाचं फोल्डर जोडतं, लॅपटॉपच्या ड्राइव्हसाठी. त्यात रूटलाही शिरता येत नाही. आमची आरसिंक (बॅकअपसाठी फाइली कॉपी करणारी) त्यामुळे रोज एरर देऊन संपायची आणि बॅकअप फसला असा मेल यायचा. एक्सआरडीपीच्या सेसमन या भागाच्या सेटिंगमध्ये त्याचं नाव बदलून ते लपवता येतं, आणि बॅकअपमधून वगळायचं.

कंदील

उत्तररात्र ताई, केलं. तसा मेल आमच्याकडेही दोन दिवस येत होता, मी डिस्क तपासत बसलो होतो.

जाता जाता माझ्या पहिल्या प्रश्नाबद्दल. चौथा पहर यांचं उत्तर पटलं होतं, पण स्वतः बघायचं होतं. काल रात्री, फक्त व्हीपीएनच्या जाळ्यापुरतं आणि दहा मिनिटांसाठी, एका व्हर्च्युअल मशीनवर एक्सडीएमसीपी परत चालू केलं आणि शेजारच्या टर्मिनलमध्ये टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं) लावलं. घरून झेफिर सुरू केलं. १७७ वर माझी हाक आली, उत्तर गेलं, आणि लगेच सर्व्हर ६००२ पोर्टवर जोडणी मागताना दिसला. पण पत्ता व्हीपीएननं मला दिलेला नव्हता. तो माझ्या घरच्या राउटरनं लॅपटॉपला दिलेला, १९२.१६८ नं सुरू होणारा होता.

चौथा पहर

बरोबर. विनंतीच्या पॅकेटमध्ये लॅपटॉप स्वतःचे पत्ते लिहून पाठवतो आणि सर्व्हर त्यातलाच एक उचलतो. तुमच्याकडे त्यानं घरातला उचलला. तो पत्ता सर्व्हरच्या जाळ्यात असता तर भलत्याच कुणाच्या मशीनवर तुमचा लॉगिनचा चौकोन उघडायचा प्रयत्न झाला असता.

कंदील

हो. व्हर्च्युअल मशीन पुसून टाकलं.